खोलीच्या मापाचा पियानो

सतार भिंतीच्या आधाराने उभी राहते. पेटी पलंगाखाली सरकवता येते. तंबोऱ्याला गवसणी घातली की तो कोपऱ्यात निमूटपणे पडून राहतो. ग्रँड पियानोचे मात्र असे नाही. तो घरात येतो तो घरातला सर्वांत मोठा रहिवासी म्हणूनच. मोठ्या सभागृहात वाजणारा आजचा ग्रँड पियानो जवळजवळ नऊ फूट लांब असतो आणि त्याचे वजन अर्ध्या टनाच्या घरात जाते. घरासाठी म्हणून जो अगदी छोटा ग्रँड मिळतो, तोही पाच फुटांच्या आसपास असतोच. म्हणून पियानो घ्यायला निघालेल्या माणसाला दुकानाची पायरी चढण्याआधी हातात टेप घेऊन स्वतःच्या खोलीचे माप काढावे लागते. दाराची रुंदी, जिन्याची वळणे, खिडकीतून येणारे ऊन, शेजाऱ्यांची झोप, सगळ्याचा हिशेब आधी मांडावा लागतो.

आणि एवढे करूनही खरा प्रश्न शिल्लक राहतो, तो आवाजाचा. हजार-दोन हजार श्रोत्यांपर्यंत पोहोचण्यासाठी घडवलेले वाद्य बारा फुटांच्या खोलीत आणून ठेवले की भिंती आवाज परतवून लावतात आणि वाजवणाऱ्याचेच कान किटतात. उलट वाद्य फार आखूड घेतले तर खर्जाच्या तारांना पुरती लांबी मिळत नाही. तारेचा स्वर एक सप्तक खाली उतरवायचा तर, बाकी सारे तेच ठेवल्यास, तारेची लांबी दुप्पट करावी लागते. तेवढी लांबी कोणत्याच पियानोत मावत नाही. मग खर्जाच्या तारांवर तांबे गुंडाळून त्या जाड आणि जड करतात. पेटारा जितका आखूड, तितक्या या तारा आखूड आणि जाड, आणि तितका त्यांचा आवाज घुसमटलेला. छोट्या खोलीसाठी पियानो निवडणे म्हणजे या दोन टोकांमधली जागा शोधणे.

ही जागा आयुष्यभर शोधणारा एक माणूस होऊन गेला. पियानो म्हटले की जगभर ज्याचे नाव सर्वांत आधी ओठांवर येते, त्या फ्रेडरिक शोपाँची ही गोष्ट आहे. त्याने लिहिले ते जवळजवळ सगळे पियानोसाठी. पण सार्वजनिक मैफली त्याने उभ्या आयुष्यात केल्या त्या तीसेकच. बाकी सारे आयुष्य खोल्यांमध्ये गेले. कधी वडिलांच्या दिवाणखान्यात, कधी पाचव्या मजल्यावरच्या लहानशा बिऱ्हाडात, कधी मठाच्या कोठडीत. त्या त्या खोलीत कोणता पियानो होता, तो कुठून आला आणि कुणाच्या पैशाने आला, हे पाहत गेले की एक निराळेच चरित्र उलगडते.

वॉर्सातला दिवाणखाना

शोपाँचा जन्म १८१० सालचा, वॉर्सापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या झेलाझोवा वोला या खेड्यातला. कुटुंब वाढदिवस पाळी १ मार्चला, तर चर्चच्या नोंदीत तारीख आहे २२ फेब्रुवारी. वडील निकोलस मूळचे फ्रान्समधल्या लोरेन प्रांताचे. पोटापाण्यासाठी पोलंडला आले आणि तिथलेच होऊन गेले. मुलगा काही महिन्यांचा असतानाच कुटुंब वॉर्सात आले. तिथल्या विद्यालयात निकोलस फ्रेंच शिकवत आणि घरी बाहेरगावच्या सधन कुटुंबांतली मुले ठेवून घेत. म्हणजे घर मध्यमवर्गीय मास्तरांचे, माणसांनी भरलेले, आणि त्यात पियानो. मुलाचे पहिले गुरू वोइचेख झिव्नी हे मुळात व्हायोलिन वाजवणारे. सातव्या वर्षी या मुलाची पहिली रचना छापली गेली आणि आठव्या वर्षी तो लोकांसमोर वाजवू लागला.

वॉर्सात तेव्हा फ्रिडेरिक बुखोल्त्स नावाचा पियानो बनवणारा कारागीर होता. व्हिएन्नाच्या धर्तीवर तो लाकडी सांगाड्याचे, हलक्या हाताला चटकन साथ देणारे ग्रँड पियानो घडवी. शोपाँच्या घरी त्याचा ग्रँड होता. १८२७ साली हे कुटुंब क्राकोव्स्किए प्शेदमिएश्चे या शहराच्या मुख्य रस्त्यावरच्या क्रासिन्स्की प्रासादाच्या एका बाजूच्या भागात दुसऱ्या मजल्यावर राहायला आले. त्याच वर्षी धाकटी बहीण एमिलिया क्षयाने गेली. नव्या घरात पियानो दिवाणखान्यात होता, आणि दिवाणखाना सगळ्यांचा होता. पाहुणे, बहिणींच्या मैत्रिणी, वडिलांचे विद्यार्थी यांच्या गजबजाटात मुलाने लिहायचे कुठे? १८२८च्या अखेरीस त्याने एका मित्राला कळवले की वरच्या अंगाला त्याच्यासाठी एक खोली तयार होते आहे. कपड्यांच्या खोलीतून तिकडे जिना काढला आहे आणि तिथे एक जुना पियानो आणि एक जुने मेज ठेवायचे आहे. अठरा वर्षांच्या मुलाला स्वतःची खोली मिळाली, ती अशी.

१८३० साली आपले दोन्ही कन्चेर्टो लोकांपुढे आणण्याआधी त्याने त्यांची तालीम या घरच्या दिवाणखान्यातच, मोजके वादक जमवून केली होती. दिवाणखान्यात सारे मनासारखे जमले. मार्चमध्ये राष्ट्रीय नाट्यगृहात पहिली मैफल झाली तेव्हा त्याने स्वतःचाच पियानो तिथे नेला. नाट्यगृह खचाखच भरले होते. पण मागे बसलेल्यांची तक्रार आली की ऐकूच येत नाही. पाच दिवसांनी दुसरी मैफल होती. तिच्यासाठी मोठ्या आवाजाचा व्हिएन्नाचा पियानो मागून आणावा लागला. लोक खूश झाले, मिळकतही झाली. शोपाँचे मन मात्र आपल्या जुन्या वाद्यातच होते. आदल्या वर्षी खुद्द व्हिएन्नात वाजवले तेव्हाही हाच शेरा ऐकावा लागला होता, की वादन नाजूक आहे, पण फार हळू आहे. ही तक्रार त्याला शेवटपर्यंत चिकटली.

पाचव्या मजल्यावरचे बिऱ्हाड

२ नोव्हेंबर १८३० रोजी त्याने वॉर्सा सोडले. महिना संपायच्या आत रशियाच्या सत्तेविरुद्ध पोलंडमध्ये उठाव झाला. पुढच्या सप्टेंबरात तो चिरडला गेला. वीस वर्षांचा हा मुलगा मायदेशी पुन्हा कधीच गेला नाही, आणि घरचा तो बुखोल्त्सही त्याला पुन्हा दिसला नाही.

१८३१च्या शरदात तो पॅरिसला पोहोचला. पहिले बिऱ्हाड बुलेव्हार प्वासोनिएरवर, पाचव्या मजल्यावर. पायऱ्या चढताना जीव मेटाकुटीला यावा अशी ती जागा. पण खोली त्याला फार आवडली होती. महोगनीचे सामान, रस्त्यावर उघडणारा सज्जा, आणि तिथून मोंमार्त्रपासून पाँतेओंपर्यंत पसरलेले पॅरिस. त्या शहरात तेव्हा पियानोवादकांची जत्रा भरली होती. फ्रांझ लिस्ट होता, काल्कब्रेनर होता, हिलर होता. प्रत्येकाला मोठे सभागृह हवे, मोठा आवाज हवा, आणि त्यासाठी मोठा पियानो हवा.

काल्कब्रेनरची प्लेयेल या पियानोच्या कारखान्यात भागीदारी होती. त्याच्या ओळखीने शोपाँ तिथे पोहोचला. हा कारखाना इग्नास प्लेयेल या संगीतकाराने १८०७ साली काढला होता. १८३१मध्ये तो वारला आणि कारभार मुलाकडे, कामीय प्लेयेलकडे आला. कारखान्याचा स्वतःचा एक दिवाणखाना होता. तिथे नवे पियानो मांडलेले असत आणि संध्याकाळी निवडक लोकांपुढे मैफल होई. फेब्रुवारी १८३२मध्ये शोपाँची पॅरिसमधली पहिली मैफल झाली ती याच जागी. आपल्याकडच्या बैठकीची आठवण व्हावी असाच तो मामला होता. श्रोते जवळ, ओळखीचे, आणि जाणकार. लिस्टही ऐकायला होता. त्या दिवसापासून शोपाँ आणि प्लेयेल यांचे जे नाते जुळले ते मरेपर्यंत टिकले.

दोन कारखाने, दोन स्वभाव

पॅरिसमध्ये प्लेयेलचा प्रतिस्पर्धी होता एरार. पियानो घ्यायला निघालेल्या त्या काळच्या श्रीमंत पॅरिसकरापुढे मुख्यतः हे दोन पर्याय असत आणि ते दोन स्वभावांचे होते.

एरारने १८२१ साली एका नव्या यंत्रणेचे पेटंट घेतले होते. पियानोची पट्टी दाबली की आतली हातोडी उडून तारेवर आपटते आणि मागे येते. जुन्या रचनेत पट्टी पूर्ण वर आल्याशिवाय हातोडी पुन्हा उडत नसे. एरारच्या रचनेत पट्टी अर्धवट वर आली तरी पुन्हा ठोका देता येई. त्यामुळे एकच स्वर विजेच्या वेगाने पुनःपुन्हा वाजवणे सोपे झाले. आजच्या प्रत्येक ग्रँड पियानोत याच रचनेची वंशज असलेली यंत्रणा असते. एरारचा आवाज स्वच्छ, खणखणीत, दूरवर जाणारा. लिस्टसारख्या वादकाला हवे होते तसेच ते वाद्य होते.

प्लेयेलने ही गुंतागुंतीची यंत्रणा स्वीकारली नाही. त्याची रचना साधी आणि जुन्या वळणाची राहिली. तिच्यात बोट आणि हातोडी यांच्यामध्ये कमी कड्या होत्या. बोटाने जे केले ते तारेपर्यंत जसेच्या तसे पोहोचे. चांगले केले तर चांगले, आणि वाईट केले तर तेही. आवाज रुपेरी, किंचित झाकोळलेला, खालच्या, मधल्या आणि वरच्या सप्तकांत वेगवेगळ्या रंगांचा. शोपाँचे गणित यावरून ठरे. प्रकृती बरी नसली, बोटांत त्राण नसले की त्याला एरार चाले, कारण त्यात स्वर तयार मिळतो. अंगात उत्साह असला की मात्र प्लेयेल हवा, कारण त्यात आपला स्वर आपल्याला घडवावा लागतो. शिकाऊ विद्यार्थ्यालाही हेच लागू होते. जे वाद्य प्रत्येक ठोका गोड करून देते, त्याच्यावर शिकणाऱ्याला आपली चूक ऐकू येत नाही.

एक गोष्ट इथे ध्यानात ठेवायला हवी. शोपाँच्या काळचा ग्रँड आणि आजचा ग्रँड यांत मोठे अंतर आहे. तेव्हाचा सांगाडा लाकडाचा, त्याला लोखंडी पट्ट्यांचा आधार. तारा सरळ समांतर ओढलेल्या. पट्ट्यांची संख्या आजच्या ८८पेक्षा कमी. संपूर्ण ओतीव लोखंडी चौकट आणि एकावर एक तिरप्या ओढलेल्या तारा असा ग्रँडचा जो नमुना आज सर्वत्र दिसतो, तो स्टाइनवेने १८५९मध्ये पेटंट घेतल्यानंतर रूढ झाला. तेव्हा शोपाँला जाऊन दहा वर्षे झाली होती. आज ग्रँडमधल्या तारांचा एकूण ताण वीस टनांच्या आसपास असतो. लोखंडाशिवाय तो पेलणार नाही. शोपाँच्या वाद्यावरचा ताण याहून पुष्कळ कमी होता, म्हणून वाद्य हलके आणि आवाजही हलका. त्याच्या रचनांत जिथे अगदी जोरात वाजवा अशी खूण येते तिथला जोर आजच्या नऊ फुटी वाद्याचा जोर नव्हे. तो खोलीतला जोर आहे.

जकातीत अडकलेले वाद्य

१८३८च्या नोव्हेंबरात शोपाँ, लेखिका जॉर्ज साँद आणि तिची दोन मुले हिवाळ्यासाठी मायोर्का बेटावर गेली. उबदार हवेत त्याचा खोकला बरा होईल अशी आशा होती. निघताना त्याने प्लेयेलशी ठरवून ठेवले होते की एक पियानो मागाहून पाठवावा. लांबचा समुद्रप्रवास, परक्या बेटावरचे रस्ते, आणि राहायची जागा कशी असेल याचा पत्ता नाही. अशा वेळी ग्रँड मागवणे शहाणपणाचे नव्हते. प्लेयेलने पाठवला तो पियानीनो, म्हणजे तारा उभ्या असलेला, भिंतीला लागून बसणारा लहान पियानो. या प्रकारची कल्पना प्लेयेलने लंडनच्या छोट्या उभ्या पियानोंवरून उचलली होती. कमी जागेच्या घरांसाठी ते वाद्य वरदान ठरले.

मायोर्कात पाऊस लागला. खोकला वाढला. हा क्षयरोगी आहे अशी बोलवा होताच घरमालकाने घर सोडायला लावले. १५ डिसेंबरला ही मंडळी पाल्माहून डोंगरात वाल्देमोसाच्या रिकाम्या पडलेल्या मठात राहायला गेली. कोठडी उंच कमानीच्या छताची होती. शोपाँला ती उभ्या शवपेटीसारखी वाटली. पॅरिसचा पियानो अजून वाटेतच होता. हाताशी होते ते एक स्थानिक, सुमार वाद्य. त्याच्यावर त्याचे काम चालले.

पियानो पाल्माच्या बंदरात आला आणि जकातीत अडकला. वाद्याच्या किमतीच्या जवळपास पोहोचेल एवढी रक्कम अधिकाऱ्यांनी मागितली. साँदने घासाघीस केली, दिवस गेले, शेवटी रक्कम खाली आली आणि जानेवारीत पियानीनो डोंगर चढून मठात पोहोचला. त्याच महिन्यात, २२ तारखेला, शोपाँने आपल्या चोवीस प्रिल्यूडची हस्तलिखिते पॅरिसला रवाना केली. बाराही स्वरांच्या तीव्र-कोमल छटा फिरून येणाऱ्या या छोट्या रचना. काही तर एका पानातच संपतात. त्यांचे फ्रान्सपुरते हक्क कामीय प्लेयेलने दोन हजार फ्रँकला घेतले होते आणि फ्रेंच आवृत्ती त्यालाच अर्पण केलेली आहे. म्हणजे वाद्य पाठवणारा, आगाऊ पैसे देणारा आणि रचना विकत घेणारा माणूस एकच होता.

फेब्रुवारीच्या मध्यावर मंडळी बेट सोडून निघाली. शोपाँच्या तोंडातून रक्त पडत होते. एवढ्या खटपटीने आणलेला पियानो त्याच्या हाताखाली राहिला तो जेमतेम काही आठवडे. परत नेणे परवडणारे नव्हते. पाल्मातल्या कान्युत कुटुंबाने तो घेतला. ६६६८ क्रमांकाचा हा पियानीनो आज वाल्देमोसाच्या चार क्रमांकाच्या कोठडीत पाहायला मिळतो. शेजारच्या दोन क्रमांकाच्या कोठडीतही एक पियानो शोपाँचा म्हणून दाखवला जात असे. तो त्याच्या मुक्कामानंतर बनलेला आहे, तेव्हा त्याचा असू शकत नाही, असा निर्णय स्पेनच्या न्यायालयाने २०११ साली दिला.

शिकवणीची खोली

पुढची सात-आठ वर्षे शोपाँच्या आयुष्यातली सर्वांत भरघोस. उन्हाळे साँदच्या नोआं गावच्या घरी, हिवाळे पॅरिसमध्ये. नोआंला प्लेयेलचा पियानो पॅरिसहून जाई. तिथल्या त्याच्या खोलीला आतून गादी भरलेली दुहेरी दारे बसवली होती. घरातल्या गडबडीचा त्याला त्रास होऊ नये, आणि त्याच्या एकाच ओळीच्या शंभर आवर्तनांचा घराला. पियानो घरात आणणाऱ्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा असे एक दार हवेसे वाटते.

पॅरिसमध्ये १८४२पासून तो स्क्वार दॉर्लेआं या चौकातल्या नऊ क्रमांकाच्या घरात राहत होता. साँद त्याच चौकात पाच क्रमांकात. घरखर्च भागे तो शिकवण्यांवर. एका पाठाचे वीस फ्रँक. विद्यार्थ्याच्या घरी जावे लागले तर तीस. पैसे हातात घेण्याचा प्रघात नव्हता, विद्यार्थी ते शेकोटीवरच्या फळीवर ठेवून जात.

त्याच्या शिकवणीच्या खोलीची मांडणी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. खोलीत दोन पियानो असत, एक प्लेयेलचा ग्रँड आणि एक पियानीनो. ग्रँडवर बसे विद्यार्थी, आणि गुरुजी पियानीनोवर. ग्रँडची हातोडी खालून वर उडते आणि स्वतःच्या वजनाने खाली येते. उभ्या पियानोत ती आडवी हलते, तिला मागे आणायला यंत्रणेची मदत लागते. म्हणून स्पर्शाचा बारकावा ग्रँडवर जास्त नीट शिकता येतो. चांगले वाद्य विद्यार्थ्याला देऊन लहान वाद्यावर शोपाँ काय चमत्कार करून दाखवी, याच्या आठवणी त्याच्या शिष्यांनी पुढे लिहून ठेवल्या आहेत. ग्रँड घ्यावा की उभा, या वादात पडलेल्यांनी ही मांडणी आठवावी. जागा असेल तर ग्रँडला तोड नाही. पण फार आखूड ग्रँडपेक्षा चांगल्या उंच उभ्या पियानोत खर्जाच्या तारा अधिक लांब असू शकतात आणि त्यांचा आवाजही अधिक मोकळा निघतो. ग्रँडचा डौल त्या पाच फुटांत येतो, पण त्याचा खर्ज येईलच असे नाही.

मैफली तो टाळतच राहिला. ज्या केल्या त्याही बहुतेक प्लेयेलच्या नव्या, तीनशे श्रोत्यांच्या सभागृहात. १६ फेब्रुवारी १८४८ रोजी तिथे झालेली मैफल पॅरिसमधली शेवटची ठरली. तिकीट वीस फ्रँकचे, म्हणजे एका शिकवणीच्या दराचे. सारी तिकिटे आधीच संपली होती. आठवड्याच्या आत पॅरिसमध्ये क्रांतीचा भडका उडाला आणि राजा पळून गेला. शिष्य पांगले. साँदशी संबंध आदल्याच वर्षी तुटले होते. उत्पन्न थांबले.

तीन पियानो आणि एक आजारी माणूस

एप्रिल १८४८मध्ये शोपाँ लंडनला गेला. जेन स्टर्लिंग ही त्याची स्कॉटिश शिष्या सारी व्यवस्था पाहत होती. डोव्हर स्ट्रीटवरच्या बिऱ्हाडात एक अजब दृश्य होते. तिथे एकाच वेळी तीन ग्रँड पियानो उभे होते. एक त्याने बरोबर आणलेला प्लेयेल, एक एरारने आपण होऊन पाठवलेला, आणि एक लंडनच्या ब्रॉडवुड कंपनीचा. तिन्ही कारखान्यांना शोपाँच्या दिवाणखान्यात आपले वाद्य असणे भूषणाचे होते. युरोपातल्या कोणत्याही धनिकाला हेवा वाटावा अशी ती खोली. पण त्याच्याकडे वाजवायला वेळ नव्हता, आणि ताकद त्याहून नव्हती. दिवस भेटीगाठींत आणि शिकवण्यांत जाई. तो राणी व्हिक्टोरियासमोरही वाजवून आला. जिने चढवेनात तेव्हा नोकर त्याला उचलून नेई.

ऑगस्टमध्ये मँचेस्टरला त्याला बाराशे श्रोत्यांसमोर बसावे लागले. एवढे मोठे सभागृह त्याच्या वाट्याला क्वचितच आले होते. वर्तमानपत्रांनी आदराने लिहिले, पण सूर तोच होता, की या जागेसाठी हे वादन फार नाजूक आहे. वॉर्साच्या माडीवर बसलेल्यांनी अठरा वर्षांपूर्वी म्हटले होते तेच. नंतर ग्लासगो, एडिंबरा, आणि १६ नोव्हेंबरला लंडनच्या गिल्डहॉलमध्ये पोलिश निर्वासितांच्या मदतीसाठी झालेल्या समारंभातले वादन. लोकांसमोरचे ते शेवटचे.

परतायच्या आधी त्याने पॅरिसमधल्या एका मित्राला पत्र लिहून दोन कामे सांगितली. प्लेयेलला सांगून घरात कुठलाही एक पियानो आणून ठेवावा, आणि दिवाणखान्यात सुगंध दरवळावा म्हणून व्हायोलेटच्या फुलांचा एक गुच्छ आणावा. बरोबर नेलेला ग्रँड त्याने इंग्लंडमध्येच विकून टाकला होता. पॅरिसला परतल्यावर जो पियानो मिळाला तो प्लेयेलने वापरायला दिलेला होता. क्रमांक १४८१०. पियानोसाठी ज्याने जन्मभर लिहिले, त्याच्या शेवटच्या वर्षातला पियानो त्याच्या मालकीचा नव्हता.

सप्टेंबर १८४९मध्ये त्याला प्लास व्हाँदोमवरच्या बारा क्रमांकाच्या घरात हलवले. पियानोही तिकडे आला. वॉर्साहून मोठी बहीण लुडविका येऊन राहिली होती. १७ ऑक्टोबरच्या पहाटे शोपाँ गेला. वय एकोणचाळीस. देह पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत राहिला. हृदय बहिणीने वॉर्साला नेले. ते तिथल्या होली क्रॉस चर्चच्या खांबात आहे.

वाद्यांचे पुढे काय झाले

तो शेवटचा प्लेयेल जेन स्टर्लिंगने विकत घेतला आणि वॉर्साला लुडविकाकडे पाठवला. आज तो तिथल्या शोपाँ संग्रहालयात आहे. लंडनमध्ये विकलेला ग्रँड, क्रमांक १३८१९, दीडशे वर्षे इंग्लंडमध्ये कुणाच्या लक्षातही न येता राहिला. अलेक कॉब या संग्राहकाने १९८८ साली तो एक जुना प्लेयेल म्हणून घेतला. शोपाँचे अभ्यासक झाँ-झाक आयगेल्डिंगर यांनी कारखान्याच्या नोंदवह्यांतला क्रमांक ताडून तो कुणाचा होता हे २००७मध्ये जाहीर केले. सरे परगण्यातल्या हॅचलँड्स या घरातल्या संग्रहात तो आहे.

वॉर्सातल्या त्या पहिल्या बुखोल्त्सचे नशीब वाईट. १८६३च्या उठावात रशियन अधिकाऱ्यावर हल्ला झाला तो झामोयस्की प्रासादातून. सैनिकांनी तिथल्या बिऱ्हाडांतले सामान खिडक्यांतून खाली फेकले आणि जाळले. शोपाँची दुसरी बहीण इझाबेला तिथे राहत होती. भावाचा पियानो त्या आगीत गेला. त्याच्यावर पोलिश कवी नॉर्विद याने लिहिलेली कविता पोलंडमध्ये सर्वतोमुखी आहे. २०१८ साली पॉल मॅकनल्टी या कारागिराने बुखोल्त्सच्या पियानोची प्रतिकृती घडवली आणि त्याच वर्षी वॉर्सात जुन्या वाद्यांवरची पहिली आंतरराष्ट्रीय शोपाँ स्पर्धा भरली. तिथे अनेक श्रोत्यांना प्रथमच कळले की या माणसाचे संगीत आपण जेवढे मोठ्याने ऐकत आलो तेवढे मोठे ते नव्हते.

मागच्या पावणेदोनशे वर्षांत पियानो वाढत गेला तो सभागृहांच्या मापाने. सभागृहे मोठी झाली म्हणून तारा ताणल्या, तारा ताणल्या म्हणून लोखंड आले, लोखंड आले म्हणून वजन वाढले. या वाढीला विरोध करायला शोपाँने कधी सभेत भाषण केले नाही. तो आपल्या खोलीत, आपल्या मापाच्या वाद्यावर वाजवत राहिला, एवढेच. आज एखाद्या घरात पियानो आणायचे ठरते तेव्हा दुकानातला विक्रेता मोठ्या दालनात, गुळगुळीत फरशीवर, झाकण पूर्ण उघडून वाद्य वाजवून दाखवतो आणि ते भव्य वाटते. घेणाऱ्याने तिथेच झाकण बंद करायला सांगावे, पट्टीवर बोट अगदी हळू ठेवावे, आणि सर्वांत हलक्या स्पर्शाला ते वाद्य काय उत्तर देते ते ऐकावे. मोठा आवाज कुठलाही पियानो देतो. छोट्या खोलीत वर्षानुवर्षे सोबत करतो तो हळू बोलता येणारा.